बेडकाचे हृदय तीन कप्प्यांचे, आपले चार कप्प्यांचे: रक्ताभिसरण आणि बाळाच्या हृदयातील छिद्र समजून घेऊया

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात घेऊन आलेले आईवडील बऱ्याचदा एकच प्रश्न विचारतात: "डॉक्टर, हृदयाला छिद्र आहे म्हणजे रक्त बाहेर गळते का?" नाही, रक्त बाहेर गळत नाही. ते हृदयाच्या आतच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. पण त्यामुळे नेमके काय बिघडते, हे कळायला आधी हृदयाला इतके कप्पे कशासाठी लागतात ते कळावे लागते. त्यासाठी मासा, बेडूक आणि मगर यांच्या हृदयाकडे पाहणे हा सोपा मार्ग आहे. तुमच्यापैकी काहींनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडकाचे हृदय धडधडताना पाहिलेही असेल.

थोडक्यात महत्त्वाचे

- माशाच्या हृदयात दोन मुख्य कप्पे असतात, बेडकाच्या हृदयात तीन, तर पक्षी आणि माणसाच्या हृदयात चार.
- बेडकाच्या हृदयात शुद्ध आणि अशुद्ध रक्त काही प्रमाणात मिसळते. त्याला ते चालते, कारण तो त्वचेतूनही श्वास घेतो आणि त्याची ऑक्सिजनची गरज कमी असते.
- आईच्या पोटातील बाळाच्या हृदयातही रक्त मिसळते आणि ते नैसर्गिक असते. जन्मानंतर हे मार्ग बंद व्हायला हवेत.
- हृदयातील प्रत्येक छिद्राला ऑपरेशन लागत नाही. मात्र ज्याला लागते, त्यासाठी योग्य वेळ गाठणे फार महत्त्वाचे असते.

हृदयाचे मूळ काम काय?

पाठीचा कणा असलेल्या सर्व प्राण्यांमध्ये रक्त बंद नळ्यांमधून फिरते. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या म्हणजे धमन्या आणि हृदयाकडे रक्त आणणाऱ्या नळ्या म्हणजे शिरा. या दोन्हींना केसाहून बारीक केशवाहिन्या जोडतात. ऑक्सिजनची खरी देवाणघेवाण या केशवाहिन्यांत होते.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांना अलिंद आणि खालच्या कप्प्यांना निलय म्हणतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत हेच शब्द कर्णिका आणि जवनिका असे होते. अलिंद रक्त गोळा करते आणि निलय ते जोराने पुढे ढकलते. रक्त उलट फिरू नये म्हणून मध्ये झडपा असतात.

या लेखात 'शुद्ध रक्त' म्हणजे ऑक्सिजन भरपूर असलेले आणि 'अशुद्ध रक्त' म्हणजे ऑक्सिजन वापरून झालेले रक्त. अशुद्ध रक्त घाणेरडे नसते, त्यात फक्त ऑक्सिजन कमी असतो.

मासा: एकाच फेरीचा रक्तमार्ग

माशाच्या हृदयात एक अलिंद आणि एक निलय असते. हृदय अशुद्ध रक्त कल्ल्यांकडे ढकलते. तिथे पाण्यातील ऑक्सिजन मिळतो आणि रक्त परस्पर शरीराकडे जाते. पूर्ण फेरीत रक्त हृदयातून एकदाच जाते.

यात शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळण्याचा प्रश्नच येत नाही. अडचण वेगळी आहे. कल्ल्यांच्या बारीक केशवाहिन्यांतून जाताना रक्ताचा दाब बराच कमी होतो आणि उरलेल्या दाबावर त्याला सगळे शरीर फिरावे लागते. पाण्यात राहणाऱ्या, थंड रक्ताच्या प्राण्याला हे पुरते. माशाचा हा रक्तमार्ग लक्षात ठेवा, पुढे एका ऑपरेशनच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

बेडूक: दोन फेऱ्या, पण पंप एकच

बेडकाच्या हृदयात दोन अलिंदे आणि एक निलय असते. उजव्या अलिंदात शरीराकडून आलेले रक्त येते, डाव्या अलिंदात फुप्फुसांकडून आलेले शुद्ध रक्त येते. दोन्ही रक्ते एकाच निलयात उतरतात. मग ती पूर्ण मिसळत का नाहीत?

- निलयाची आतली भिंत गुळगुळीत नसून स्पंजासारखी, स्नायूंच्या दोऱ्यांनी भरलेली असते. त्यामुळे दोन्ही बाजूंचे रक्त बऱ्याच अंशी वेगवेगळे राहते.
- निलयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत मळसूत्रासारखी वळलेली एक झडप असते. ती कमी ऑक्सिजनचे रक्त फुप्फुसे आणि त्वचेकडे, तर जास्त ऑक्सिजनचे रक्त डोके आणि शरीराकडे वळवायला मदत करते.

बेडकाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या त्वचेत आहे. फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीची एक शाखा त्वचेकडे जाते. ओलसर त्वचेतून ऑक्सिजन आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्वचेकडून आलेले हे रक्त शरीराच्या इतर रक्ताबरोबर उजव्या अलिंदात येते. म्हणजे बेडकाच्या उजव्या बाजूलाही ऑक्सिजनचा वाटा मिळतो. बेडूक पाण्याखाली असताना फुप्फुसांचा फारसा उपयोग नसतो. तेव्हा फुप्फुसांकडे कमी आणि त्वचेकडे जास्त रक्त पाठवणे त्याला जमते, कारण त्याचे निलय दोन भागांत विभागलेले नसते. त्याच्या जगण्यासाठी हृदयाची ही रचना सोयीची आहे.

सरडा, साप आणि मगर

सरडा, साप आणि कासव यांच्या निलयात अर्धवट पडदा असतो. रक्त बरेचसे वेगळे राहते, पण गरजेनुसार मिसळूही शकते. मगरीचे हृदय मात्र चार कप्प्यांचे असते. तरीही तिच्या हृदयातून निघणाऱ्या दोन महाधमन्यांमध्ये एक लहान छिद्र जन्मभर असते. मगर पाण्याखाली दम धरून असते तेव्हा तिच्या रक्ताचा काही भाग फुप्फुसांना वळसा घालून पुन्हा शरीरात जाऊ शकतो.

म्हणजे हृदयाच्या आत किंवा जवळ छिद्र असणे हा प्रत्येक प्राण्यात आजार नसतो. तो प्राणी ऑक्सिजन कुठून घेतो आणि त्याला किती लागतो, यावर ते अवलंबून असते.

पक्षी आणि माणूस: दोन वेगळे पंप

आपले शरीर दिवसरात्र साधारण ३७ अंश सेल्सिअस तापमान राखते. त्यासाठी सतत भरपूर ऑक्सिजन लागतो. तो घेण्याची जागा एकच, ती म्हणजे फुप्फुसे. आपल्या त्वचेतून बेडकासारखा ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून पक्षी आणि सस्तन प्राण्यांत निलयाचेही पडद्याने पूर्ण दोन भाग झालेले असतात.

- उजवी बाजू: अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते. इथला वरचा दाब साधारण २५ असतो.
- डावी बाजू: शुद्ध रक्त सर्व शरीराला पाठवते. इथला वरचा दाब साधारण १२० असतो. दंडाला पट्टा बांधून आपण हाच रक्तदाब मोजतो.

दाबातला हा फरक महत्त्वाचा आहे. फुप्फुसांतील हवेच्या पिशव्यांची भिंत अतिशय पातळ असते. तिथे दाब फार वाढला तर रक्तातील पाणी झिरपून फुप्फुसांत साचू लागते. त्यामुळे एका बाजूला हलका पंप आणि दुसऱ्या बाजूला जोरदार पंप, दोन्ही एकाच हृदयात लागतात. विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते.

आणखी एक फरक हृदयविकार असलेल्या मोठ्या माणसांनी लक्षात घ्यावा. बेडकाच्या निलयाची स्पंजासारखी भिंत आतून वाहणाऱ्या रक्तातूनच ऑक्सिजन शोषते. आपल्या निलयाची भिंत जाड आणि घट्ट असते. आत रक्त भरलेले असूनही तिला ते पुरत नाही. तिला बाहेरून येणाऱ्या करोनरी धमन्यांवर अवलंबून राहावे लागते. त्यातली एक जरी अडली तरी हार्ट अटॅक येतो.

बेडकाच्या हृदयाने डॉक्टरांना काय शिकवले?

- केशवाहिन्या: रक्त गोल फिरते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले. पण धमनीतून ते शिरेत कसे जाते, हे त्यांना दिसले नव्हते. १६६१ मध्ये इटलीच्या मार्चेल्लो माल्पीगी यांना सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या.
- सलाईन: बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले तरी योग्य द्रावणात ते धडधडत राहते. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनी १८८० च्या दशकात या प्रयोगांतून दाखवले की ठोक्यांसाठी कॅल्शियम आवश्यक असते. वॉर्डात लावली जाणारी 'आरएल'ची बाटली म्हणजे रिंगर लॅक्टेट. ते नाव त्यांचेच आहे.
- पेसमेकर: बाहेर काढलेले हृदय धडधडते, कारण ठोक्याचा संदेश मेंदूकडून नव्हे, हृदयातूनच निघतो. बेडकात तो उजव्या अलिंदाला जोडलेल्या शिरांच्या पिशवीत सुरू होतो. माणसात तो उजव्या अलिंदातील एका छोट्या गाठीत सुरू होतो. ही गाठ नीट चालत नसेल किंवा तिचा संदेश खाली पोहोचत नसेल, तेव्हा काही रुग्णांना कृत्रिम पेसमेकर बसवावा लागतो.

आईच्या पोटात प्रत्येक बाळाचे रक्त मिसळते

आता बाळाच्या हृदयाकडे वळूया. गर्भधारणेनंतर साधारण २२ व्या दिवशी बाळाचे हृदय एका साध्या नळीच्या रूपात धडधडू लागते. आठव्या आठवड्यापर्यंत ती नळी वळून, तिच्यात पडदे वाढून चार कप्पे तयार होतात.

पोटातील बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. ऑक्सिजन मिळतो तो वारेतून, म्हणजे नाळेमार्फत. हे शुद्ध रक्त बाळाच्या उजव्या अलिंदात येते, बेडकाच्या त्वचेकडून येणाऱ्या रक्तासारखेच. तिथून ते डाव्या बाजूला जावे म्हणून दोन अलिंदांच्या मध्ये एक खिडकी असते. शिवाय फुप्फुसांकडे जाणारी धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक नळी असते. म्हणजे पोटात असताना रक्त मिसळणे हीच बाळाची सोय असते.

पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसे उघडतात आणि नाळ कापली जाते. मग खिडकीचे दार मिटते आणि ती नळी वेळेवर जन्मलेल्या निरोगी बाळात बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत आवळली जाते. जवळपास चारपैकी एका प्रौढ माणसात या खिडकीची बारीक फट राहिलेली असते. बहुतेकांना तिचा काहीही त्रास होत नाही.

जन्मानंतर छिद्र राहिले तर काय होते?

दर १००० जन्मलेल्या बाळांपैकी साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. त्यात दोन निलयांमधील पडद्याचे छिद्र सर्वाधिक आढळणाऱ्या दोषांपैकी एक आहे.

डाव्या बाजूचा दाब जास्त असल्याने अशा छिद्रातून शुद्ध रक्त उजवीकडे जाते आणि पुन्हा फुप्फुसांत पोहोचते. छिद्र मोठे असेल तर फुप्फुसांकडे गरजेपेक्षा बरेच जास्त रक्त, तेही जास्त दाबाने जाऊ लागते. बाळ निळे पडत नाही, पण धापा टाकते, दूध पिताना दमते आणि त्याचे वजन वाढत नाही.

"जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासले तेव्हा तर सगळे ठीक होते!" असे पालक म्हणतात आणि ते खरेही असते. जन्माच्या वेळी फुप्फुसांतील दाब जास्त असतो, त्यामुळे छिद्रातून फारसे रक्त जात नाही. पुढच्या काही आठवड्यांत हा दाब उतरतो आणि मग त्रास दिसू लागतो. त्यामुळे सुरुवातीला छिद्र लक्षात आले नाही, तर तो दर वेळी कोणाचा निष्काळजीपणा नसतो.

मोठ्या छिद्राकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड आणि कडक होतात. मग उजव्या बाजूचा दाब वाढतो, रक्त उलट दिशेने वाहू लागते आणि मूल निळे दिसू लागते. या टप्प्यावर छिद्र बंद करणे बहुधा धोक्याचे ठरते. "मूल थोडे मोठे होऊ द्या, मग बघू" हा सल्ला नातेवाइकांकडून मिळत असेल तर तो तुमच्या बालहृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मानू नका.

काही दोषांमध्ये अशुद्ध रक्त सुरुवातीपासूनच शरीराकडे जाते आणि बाळाचे ओठ, जीभ, नखे निळसर दिसतात. अशा बाळाला लवकरात लवकर तज्ज्ञांकडे नेणे आवश्यक असते.

निलय एकच असेल तर?

काही बाळांत एक निलय तयारच होत नाही किंवा फार लहान राहते. "म्हणजे बेडकासारखे हृदय का?" असे पालक विचारतात. कप्पे मोजले तर तसे वाटते. पण बेडकाची त्वचा, ती वळलेली झडप आणि कमी गरज यातले काहीच बाळाकडे नसते. त्याचे हृदय बेडकाच्या पायरीवर थांबलेले नसते. माणसाचेच हृदय घडताना त्याचा एक भाग अपुरा राहिलेला असतो.

अशा बाळांसाठी टप्प्याटप्प्याने ऑपरेशने करतात. त्यातल्या शेवटच्या टप्प्याला फाँटन शस्त्रक्रिया म्हणतात. फ्रान्सचे शल्यविशारद फ्रान्सिस फाँटन यांनी ती १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. यात शरीराकडून येणारे अशुद्ध रक्त हृदयात न आणता थेट फुप्फुसांच्या धमनीला जोडतात. एकुलते निलय फक्त शरीराला रक्त पुरवते.

आता माशाचा रक्तमार्ग आठवा. तिथेही पंप एकच आणि फेरीही एकच. माशात रक्त आधी कल्ल्यांत जाते, मग शरीरात. फाँटननंतर ते आधी शरीरात जाते आणि उरलेल्या दाबावर फुप्फुसांत. म्हणून या मुलांमध्ये फुप्फुसांतील दाब कमी राहणे आवश्यक असते. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले तर त्यांना लवकर त्रास होतो. चालताना पायाचे स्नायू शिरांतील रक्त वर ढकलतात, त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिलेला व्यायाम त्यांना उपयोगी पडतो. या मुलांची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

बाळात पुढील लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा:

- दूध पिताना थांबून थांबून पिणे, कपाळावर घाम येणे
- झोपेतही श्वास भराभर चालणे, छाती आत ओढली जाणे
- वजन न वाढणे
- वारंवार न्यूमोनिया होणे
- तपासणीत हृदयाचा जादा आवाज ऐकू येणे

ताबडतोब रुग्णालयात न्या: ओठ किंवा जीभ निळी पडली, बाळ रडता रडता निळे होऊन मलूल झाले किंवा शुद्ध हरपली, तर वेळ घालवू नका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवता येते. निळ्या पडणाऱ्या बाळाचे गुडघे पोटाशी दुमडून त्याला छातीशी धरा आणि शांत ठेवण्याचा प्रयत्न करा.

खर्चाच्या काळजीने तपासणी लांबवू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात हृदयदोष त्यात समाविष्ट आहेत. अंगणवाडी, शाळा किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या मुलाचे ऑपरेशन बसते का, हेही रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

छिद्र आपोआप बंद होते का?
लहान छिद्रे बऱ्याच मुलांत पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. मोठी छिद्रे सहसा बुजत नाहीत. छिद्राची जागा, आकार आणि फुप्फुसांतील दाब पाहून डॉक्टर ठरवतात. काही छिद्रे पायाच्या शिरेतून छत्रीसारखे उपकरण नेऊन बंद करता येतात, काहींना ऑपरेशन लागते.

हृदयाचा आवाज मोठा म्हणजे छिद्र मोठे का?
नाही. अनेकदा उलटच असते. लहान छिद्रातून रक्त जोराने जाते, म्हणून आवाज मोठा येतो.

गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले का?
नाही. ग्रहणाचा आणि हृदयदोषाचा काहीही संबंध नाही. बऱ्याच बाळांत कोणतेही एक कारण सापडत नाही. आईचा अनियंत्रित मधुमेह, गरोदरपणातील रुबेला, काही औषधे आणि काही जनुकीय दोष यांमुळे धोका वाढतो. घरातल्या कोणीही आईला दोष देऊ नये.

घरी ऑक्सिजन लावला तर बरे वाटेल का?
स्वतःच्या मनाने लावू नका. निलयातील मोठ्या छिद्रात जादा ऑक्सिजनमुळे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि तिकडे आणखी रक्त जाऊ शकते.

अशा मुलाला लस द्यावी का?
हो. बहुतेक मुलांना वेळापत्रकाप्रमाणे सर्व लसी द्याव्यात, कारण छातीचा संसर्ग त्यांना अधिक त्रासदायक ठरतो. ऑपरेशन जवळ आले असेल तर तारखा डॉक्टरांना विचारून ठरवा.

पुढच्या भेटीला जाताना टू-डी इकोचे सर्व जुने रिपोर्ट आणि वजनाची नोंद सोबत न्या आणि हे तीन प्रश्न नक्की विचारा: छिद्र नेमके कुठे आहे? फुप्फुसांतील दाब किती आहे? उपचाराची योग्य वेळ कोणती?

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या बाळाचे उपचार त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.